बाळूदादाचं ऐकणं

बाळूदादा,

तू गेल्यावर तुझ्याबद्दल जे छापून आलं ते तुझ्या हातात पडलं असतं, तर तू पेन्सिल घेऊन बसला असतास. 'संगीतसेवेला वाहून घेतलेले', 'निगर्वी', 'ऋषितुल्य'. एका ठिकाणी तर 'रसिकाग्रणी बाळगोंडा अनंतात विलीन' असा मथळा आहे. चष्मा कपाळावर चढवून तू म्हणाला असतास, "आरं पर हा मानूस गात कसा व्हता, त्ये सांगा की कुनीतरी."

ते मी सांगते. तू बरा गायचास. फार मोठा गवई नव्हतास. तुझा आवाज खालच्या सप्तकात भरून लागायचा आणि वर गेला की आवळायचा. तान तुझ्या गळ्यात नव्हती. हे असं लिहिलं म्हणून पद्मावहिनी रागावणार नाहीत, कारण लग्न झाल्या झाल्या तूच त्यांना ते सांगून टाकलं होतंस.

ज्या साप्ताहिकात तू शास्त्रीय गाण्याच्या रेकॉर्डांची परीक्षणं लिहायचास, त्याचे संपादक सांगलीहून साताऱ्याला येऊन गेले. "सुमनताई, तुम्ही लिहा," म्हणाले. "तुमचे वडील त्यांचे गुरू. तुमच्या घरात वाढले ते." मी हो म्हटलं. पण कागद पुढे ओढला की तुझं मरण डोळ्यांसमोर येतच नाही, आपलं भांडण येतं. मग म्हटलं, तेच लिहावं. ते तरी अजून संपलेलं नाही.

तू माझ्या वडिलांकडे, नानांकडे, गाणं शिकायला आलास तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. तुझे वडील तुला घेऊन आले होते, सांगलीजवळच्या तुमच्या गावाहून, डोक्यावर गुळाची ढेप घेऊन. तुमचं जैनांचं घर, उसाची शेती, तिघे भाऊ शेतात राबणारे आणि तू एकटा गाण्यात पडलेला. वडिलांनी नानांना एकच विनंती केली. "आवं बुवा, पोरगं दिवस मावळायच्या आत जेवतंय. तेवढं संभाळा." आईने तोंड जरा वाकडं केलं, पण त्या दिवसापासून आमच्या घरातला संध्याकाळचा स्वयंपाक दुपारी चुलीवर चढायला लागला. तू शिकून सांगलीला निघून गेलास तरी ती वेळ काही बदलली नाही. आजही आम्ही उजेडातच जेवतो.

नाना तुला एकदा म्हणाले होते, "बाळू, तुझा गळा मध्यम आहे, पण कान उत्तम आहे. आता ह्याचं काय करायचं ते तू ठरव." दुसरा कुणी खचला असता. तू सांगलीत मुलींच्या शाळेत गाण्याचा मास्तर झालास, गावभागात दोन खोल्या घेतल्यास आणि आधी कुणाचा तरी जुना आणि मग स्वतःचा रेकॉर्ड प्लेअर आणलास. विट्याचा तुझा एक दोस्त कलकत्त्याला गलाईच्या दुकानात होता, सोनं गाळायचं काम. तो गावाकडे येताना तुझ्यासाठी रेकॉर्डी आणायचा, कपड्यांच्या घडीत घालून. अशी सुरुवात झाली.

तू ऐकायचास कसा, हे मी पहिल्यांदा पाहिलं तो दिवस मला लख्ख आठवतो. मी काही कामाने सांगलीला आले होते, दुपारची तुझ्याकडे डोकावले. एका नामांकित गवयाची नवी रेकॉर्ड आली होती. मला वाटलं, आता मजेत ऐकायचं, वहिनींच्या हातचा चहा प्यायचा. पण तू आधी तंबोरा काढलास. रेकॉर्ड लावलीस, तिच्या षड्जाला तंबोरा मिळवलास आणि त्या गवयाच्या बरोबरीने चक्क गायला लागलास. तो जशी आलापी करील तशी तू करायचास, तो जिथे थांबेल तिथे थांबायचास. एक बाजू संपेपर्यंत तुझा चेहरा लाल झाला होता.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"गळ्यातनं घातल्याबिगर मला कळत न्हाई, सुमे. नुसतं बसून ऐकलं की समदंच ग्वाड लागतंय."

मग तू सुई उचलून मागे नेलीस आणि एक लांब तान परत लावलीस. "आता तू म्हन ह्येच्या संगं."

मी म्हटली. अर्ध्यातच माझा दम संपला. दुसऱ्यांदा घेतली, पुन्हा संपला.

"तुझा छातीचा भाता त्याच्याहून बरा हाय. तरी संपला. का संपला?"

"तो मोठा गवई आहे, म्हणून."

"न्हाई. त्यानं हितं श्वास घेतलाय आनि तो टेपमधनं कापून टाकलाय. दोन ताना जोडल्यात. कुनाला ऐकू येत न्हाई, पर गाणाऱ्याच्या छातीला ऐकू येतंय." आणि तू हसला नाहीस. तुला त्या गवयाची चोरी पकडल्याचा आनंद झाला नव्हता, वाईटच वाटलं होतं. "श्वास कापला की गाण्यातला मानूसच गेला," असं काहीतरी पुटपुटलास. त्या आठवड्याच्या परीक्षणात तू तेच लिहिलंस, नीटनेटक्या छापील मराठीत. बोलायला लागलास की हाय-न्हाई, आणि लिहायला बसलास की तुझं वाक्य कसं ताठ उभं राहायचं. सातारा-सांगलीतले आम्ही गाणारे लोक गुरुवारी ते साप्ताहिक आलं की आधी तुझं पान उघडायचो. वकील-डॉक्टर श्रोत्यांना तुझं लिहिणं कोरडं वाटायचं. आम्हाला ते गाणं शिकवायचं.

आणि मग नानांची रेकॉर्ड निघाली.

मोठा दुष्काळ सरून पहिलं बरं पीक आलं त्या वर्षीची गोष्ट. नाना सत्तरीच्या पुढे गेले होते. आयुष्यभर ज्यांना कुणी विचारलं नाही त्यांना मुंबईच्या कंपनीचं बोलावणं आलं. मागे तंबोऱ्यावर आणि आवाजाच्या साथीला मी. काचेच्या खोलीत बसवलं आम्हाला, गार हवा सोडलेली. नानांनी उपरणं गळ्याभोवती दोनदा गुंडाळलं. समोर श्रोता म्हणून कुणी नाही, एक लाल दिवा. नानांनी माझ्याकडे वळून विचारलं, "कुणाला गाऊन दाखवायचं ग?" मी म्हटलं, "मला." एका बाजूला राग मुलतानी आणि दुसऱ्या बाजूला हमीर, असं ठरलं होतं.

रेकॉर्ड आली तेव्हा साताऱ्यात सत्कार झाला, शाल मिळाली. वर्तमानपत्रांतून लिहून आलं. 'तपश्चर्येचं तेज', 'वयाला हरवणारा स्वर'. आईने ती सगळी कात्रणं गोळा केली. आणि गुरुवारी तुझं परीक्षण आलं.

मुलतानीबद्दल तू चांगलं लिहिलं होतंस. त्यातला वरचा षड्ज जसा लागला आहे आणि जितका वेळ न हलता उभा आहे, त्या एका स्वरासाठी ही रेकॉर्ड घरात असावी, असं म्हटलं होतंस. आणि खाली हमीराबद्दल: 'हमीराचा धैवत झेप घेऊन येतो. इथे तो कठडा धरून जिना चढतो. बुवांचा हमीर ज्यांनी पूर्वी ऐकला आहे त्यांना ही बाजू ऐकताना मान खाली घालावी लागेल. ही बाजू काढायला नको होती.'

आईने वाचलं आणि साप्ताहिक पालथं घातलं. "ह्या घरचं अन्न खाल्लंय त्याने," एवढंच म्हणाली.

मी दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत बसले. कऱ्हाड मागे पडेपर्यंत तुला काय काय बोलायचं ते मनात जुळवत होते. तू शाळेतून नुकताच आला होतास. वहिनींनी पाण्याचा तांब्या पुढे केला, मी घेतला नाही. त्यांना कळलं. त्या आत गेल्या आणि दाराआड उभ्या राहिल्या.

"का लिहिलंस?"

"मी लिवलंय त्ये खोटं हाय व्हय?"

"खोटं नाही."

"मग?"

"खरं असलं की छापायचंच, असं कुठे आहे? त्यांना घरी येऊन सांगायचंस. पायाशी बसून सांगायचंस. आता त्यांनी दुसरा हमीर कधी गायचा आणि लोकांना कधी ऐकवायचा? तू जे लिहिलंस त्याला उत्तर द्यायला त्यांच्याकडे गळा उरलेला नाही, दादा."

तू म्हणालास, "मी काय लिवायला पायजे व्हतं? तू सांग."

"काहीच नाही. गप्प बसायचंस."

"दर गुरुवारी लिवणारा मानूस गुरूच्या रेकॉर्डवर गप बसला, तर लोकांनी काय समजायचं? गप बसणं म्हंजी बी परीक्षणच की, सुमे. लय वाईट परीक्षण."

"मग मुलतानीवर लिहायचंस आणि थांबायचंस."

"आनि दुसऱ्याच्या रेकॉर्डवर दोन्ही बाजू लिवायच्या? कंच्या तोंडानं?"

मी उठले. तू दारापर्यंत आलास. "नाना काय म्हनाले?"

"त्यांना वाचून दाखवलेलं नाही आणि दाखवणारही नाही," मी म्हटलं. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होते. वाचून दाखवणारी मीच होते.

तुला मी हे कधी सविस्तर सांगितलं नाही, आता सांगते. मी परत येईपर्यंत नानांना सगळं कळलेलं होतं. गावातले एक वकील हळहळ व्यक्त करायला येऊन गेले होते. "काय हे दिवस, बुवा, शिष्यच उलटले," असं म्हणत. मी घरात पाऊल टाकलं तर नाना झोपाळ्यावर ताठ बसलेले. "ते आण," म्हणाले. "वाच."

मी वाचायला लागले. मुलतानीचं सगळं वाचलं. हमीराकडे आले तेव्हा कठड्याचं वाक्य सोडून पुढे गेले.

"थांब," नाना म्हणाले. "मधलं काहीतरी गाळलंस. बाळूचं लिहिणं असं लंगडत नाही."

मग मी ते वाचलं. नानांनी ते दोनदा वाचायला लावलं. नंतर झोपाळा पायाने थांबवला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजले. त्या दिवशी जेवले नाहीत, दुसऱ्या दिवशी कुणाशी बोलले नाहीत. आई तुझ्या नावाने बोटं मोडत होती. मीही मोडत होते, बाळूदादा. मला वाटलं होतं, तू त्यांना मारलंस.

तिसऱ्या दिवशी त्यांनी हाक मारली. "बाळूला तार कर. म्हणावं, ती रेकॉर्ड आणि ते यंत्र घेऊन ये."

आमच्याकडे प्लेअर नव्हता. नानांनी कधी आणूच दिला नव्हता आणि ती रेकॉर्ड निघाल्यापासून एकदाही ऐकली नव्हती. सत्काराच्या दिवशी सभागृहात वाजवली तेव्हा टाळ्यांत आणि बोलण्यात अर्धी बुडाली होती. मला तेव्हा कळलं, ते टाळत होते.

तू आलास. एसटीच्या टपावर टाकला तर हादरे बसतील म्हणून सांगलीपासून साताऱ्यापर्यंत तो प्लेअर मांडीवर घेऊन बसला होतास, गोणपाटात गुंडाळून. आईने दार उघडलं आणि बाजूला झाली, "ये" म्हणाली नाही. तू नानांच्या पायांवर डोकं ठेवलंस. नानांनी तुझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. नुसतं म्हणाले, "लाव."

मुलतानी आधी लागली. नाना डोळे मिटून, मांडीवर बोटाने ठेका धरून बसले होते. वरचा षड्ज आला तशी तुझी मान नकळत हलली. नाना हसले. मला ते हसणं समजलं, कारण त्यांना काय म्हणायचंय ते मला ठाऊक होतं.

रेकॉर्ड उलटली. हमीर. त्या छोट्या खोलीत तो धैवत आला तेव्हा मी जमिनीकडे बघत होते. एकदा आला, दोनदा आला. तू लिहिलं होतंस तसाच, धरून धरून. बाजू संपली, सुई मधल्या कागदावर घासायला लागली तरी कुणी उठलं नाही. शेवटी तू उठलास.

"बाळू," नाना म्हणाले, "बरोबर लिहिलंस."

"नाना, मला—"

"ऐकून घे. ह्या रेकॉर्डवर इतक्या लोकांनी लिहिलं. सगळ्यांनी हार घातला. हार फोटोला घालतात. तू एकट्याने मला जिवंत धरून लिहिलंस. रागावण्यासारखं लिहिलंस. मी रागावलो, दोन दिवस रागावलो. फार दिवसांनी कुणी मला रागावण्याच्या लायकीचा गवई समजलं."

तू रडायला लागलास. मोठ्याने, लहान मुलासारखा. आई दारात उभी होती ती आत निघून गेली.

"रडू नकोस, तुझं चुकलेलं अजून सांगायचंय," नाना म्हणाले. "मुलतानीतला वरचा षड्ज. कुणाचा आहे तो?"

तू डोळे पुसलेस. "तुमचा, नाना."

"नीट ऐक. परत लाव."

तू परत लावलास. आम्ही तिघे ऐकत होतो. नानांचा आवाज वर चढतो, षड्जाला नुसता टेकतो, आणि मग तो षड्ज उभा राहतो, न हलता, बराच वेळ. शेवटी पुन्हा नानांचा आवाज त्यात मिसळून खाली येतो.

"टेकलो तो मी," नाना म्हणाले. "मला तिथे दम लागला. पुढे सगळा सुमनने धरला. माझ्या आवाजातच घडलेला तिचा आवाज, थोडा जाड. तुलासुद्धा सांधा कळला नाही."

तुझा चेहरा मी कधी विसरणार नाही. श्वास कापलेला ज्याला छातीने ऐकू यायचा, त्याने एका बाईचा आवाज तिच्या बापाचा म्हणून छापला होता. तू माझ्याकडे पाहिलंस, मग नानांकडे. "तू बोलली न्हाईस, सुमे? परवा घरी येऊन मला येवढं बोललीस, आनि ह्ये बोलली न्हाईस?"

काय बोलणार होते? साथीला बसलेल्या माणसाचं कामच ते असतं, बुवांचा दम सांभाळायचा आणि आपण दिसायचं नाही. मी ते काम चोख केलं होतं. मला त्याचं वाईटही वाटत नव्हतं. खरं सांगायचं तर, तू त्या षड्जाबद्दल लिहिलेलं मी एकटीने चार वेळा वाचलं होतं.

पुढच्या गुरुवारी तू छापलंस. संपादक नको म्हणत असताना छापलंस. 'त्या षड्जाबद्दल मी जे लिहिलं त्यातला शब्दही बदलायचा नाही. फक्त तो स्वर बुवांच्या कन्येचा आहे, हे मला ओळखू आलं नाही. ऐकणाऱ्याने आधी नाव वाचू नये, ते एवढ्यासाठी.' रेकॉर्डच्या पाकिटावर माझं नाव तंबोऱ्याच्या साथीला म्हणून बारीक अक्षरांत होतं. सांगली-मिरजेकडच्या गाणाऱ्या लोकांनी माझं नाव पहिल्यांदा वाचलं ते तुझ्या त्या चार ओळींत.

आणि मग तू माझ्या मागे लागलास. "सुमे, आता मागं बसायचं न्हाई." मी म्हणायची, नाना आहेत तोवर मी मागेच. तू नानांना सांगितलंस. नानांनी मला समोर बसवून मुलतानी पहिल्यापासून शिकवायला घेतली, जणू मी आजच आले आहे. गळा गेलेला असल्यामुळे हाताने दाखवायचे, कधी तंबोऱ्यावर बोट ठेवून. त्यांच्या शेवटच्या वर्षात मला जे मिळालं, ते त्याआधी त्यांच्या मागे बसून मिळालं नव्हतं. त्या वर्षाबद्दल मी तुझी ऋणी आहे. हे तुला कधी म्हटलं नाही. तू म्हणाला असतास, "ऱ्हाऊ दे, ताल चुकतोय तुझा, त्ये बघ आदी."

नाना गेले तेव्हा तू खांदा दिलास. आई तुझ्याशी शेवटपर्यंत बोलली नाही. तू यायचास, तिला वाकून नमस्कार करायचास, ती तुला उजेडात जेवायला वाढायची आणि बोलायची नाही. एकदा मी तिला म्हटलं, "नानांनी माफ केलं, तू का नाही करत?" ती म्हणाली, "ते गवई होते. मी त्यांची बायको आहे. त्या दोन रात्री ते भिंतीकडे तोंड करून निजले होते, ते मी पाहिलंय." बाळूदादा, तुला हे सांगायचं धाडस मला झालं नाही. आणि तिचं चुकलं असं मला आजही म्हणवत नाही. तुझं लिहिणं खरं होतं, नानांना त्याने बळ मिळालं, मला त्याने पुढे आणलं, हे सगळं मान्य. पण तू आधी साताऱ्याला यायला हवं होतंस. छापायच्या आधी. आपण यावर किती वेळा भांडलो! कृष्णेच्या घाटावर, तुझ्या खोलीत, एकदा तर कुणाच्या लग्नात अक्षता हातात घेऊन. तू म्हणायचास, "आदी आलो असतो, तर नानांचं तोंड बघून माझा हात चालला नसता." मी म्हणायची, "नसता चालला तर काय बिघडलं असतं?" त्यावर तू दर वेळी चष्मा पुसायला घ्यायचास.

आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी माझी स्वतःची रेकॉर्ड निघाली. तुला कळवायला पत्र टाकलं, त्याच आठवड्यात वहिनींचा निरोप आला. तुला झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

मिरजेच्या दवाखान्यातून तुला घरी आणल्यावर मी आले. तू खाटेवर होतास. मला बघून तुझा डावा डोळा भरून आला. डावा हात सारखा थरथरत होता. वहिनी म्हणाल्या, "समदं कळतंय त्यास्नी. निस्तं बोलता येत न्हाई. चमच्यानं पेज घालते तर मान फिरवत्यात, मीठ कमी असलं की."

तू डोळ्यांनी माझ्या पिशवीकडे खूण केलीस. मी रेकॉर्ड काढली. "राहू दे ना दादा, बरा झालास की ऐक." तू 'नाही' अशी मान हलवलीस. वहिनींनी प्लेअर खाटेजवळ ओढला.

दुपार होती. मी मुलतानीच निवडली होती आणि मला पहिल्यांदाच स्वतःच्या गाण्याची लाज वाटत होती. तू डोळे मिटून घेतलेस. तंबोरा लावायला कुणी नव्हतं, तू बरोबर गाऊ शकत नव्हतास, तरी मला दिसलं की तुझी छाती माझ्या गाण्याबरोबर वरखाली होतेय. मी रेकॉर्डवर जिथे श्वास घेतला होता, तिथेच तू घेत होतास.

मध्ये एक जागा आहे. संथ विलंबितात, अवरोहात खाली उतरताना मी कोमल ऋषभावर थोडी रेंगाळते आणि मग षड्जावर येते. नाना रेंगाळायचे नाहीत. ते माझं आहे. तिथे तू डोळे उघडलेस आणि डावा हात उचललास. वहिनींनी सुई उचलली. तू बोट मागे नेलंस. वहिनींनी अंदाजाने सुई मागे ठेवली. ती जागा परत आली. तू परत हात वर केलास. तिसऱ्यांदाही.

"चुकलं का, दादा?" मी विचारलं.

तू माझ्याकडे बघत राहिलास. ओठ हलले. आवाज आला, पण त्याचा शब्द झाला नाही.

"आवडलं?"

तसाच आवाज. मी म्हटलं, चुकलं असेल तर पापणी एकदा मिट. तू पापणी मिटली नाहीस. आवडलं असेल तर मिट. तेव्हाही नाही. तू वैतागलास. मला ओळखता येतो तुझा वैताग. 'असं एका शब्दात सांगायचं असतंय व्हय?' असं म्हणताना जो चेहरा व्हायचा, तोच. तुला दोन्हीपैकी काहीतरी एक सांगायचं नव्हतं. तुला पान लिहायचं होतं.

सुई तू दोन्ही कारणांनी मागे न्यायचास, चोरी सापडली की आणि जीव रमला की. तुझ्या शेजारी बसून मी किती रेकॉर्डी ऐकल्या, तरी तुझ्या तोंडून कळेपर्यंत मला कधी ओळखता आलं नव्हतं, ह्यातलं कुठलं.

मी निघाले तेव्हा तुझा हात माझ्या हातात होता. पुन्हा येते म्हटलं. मी यायच्या आत वहिनींचीच तार आली.

तुला पोहोचवून सगळे परतले, घर रिकामं झालं, तेव्हा वहिनी माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांना गाण्यातलं काही कळत नाही, असं त्याच सांगतात. म्हणाल्या, "सुमनताई, त्या दिसापास्नं रोज दुपारी ती रेकॉर्ड लावाय लावायचे. त्या जाग्याला आलं की हात वर. रोज."

"काय म्हणायचं होतं त्यांना, वहिनी? तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मला काय कळतंय त्यातलं? आवडलं असंल, असं म्हनले तर तुमास्नी बरं वाटंल. पर खोटं कशाला बोलू? त्यास्नी चाललं नसतं. येवढं मातर सांगते. हात दिसभर थरथरायचा त्येंचा. हात वर करताना थरथरायचा न्हाई."

मी साताऱ्याला परत आले. संपादकांचं काम म्हणून हे लिहायला बसले आणि मध्येच उठून तंबोरा घेतला. ती जागा गाऊन पाहिली. चुकली असं धरून ऐकलं, साधली असं धरून ऐकलं. रेंगाळणं कमी करून पाहिलं, तेव्हा ते नानांचं गाणं झालं. तुला जे सांगायचं होतं ते मला कळलेलं नाही, बाळूदादा, आणि आता कळायचंही नाही. माझ्याकडच्या शिष्या उद्यापासून मुलतानी शिकायला बसतील. त्यांना मी ती जागा तशीच शिकवणार आहे, ऋषभावर रेंगाळून.